जुमाच्या कागदासाठी कोल्हापूरला

सकाळच्या यष्टीनं मी आनि जुमा कागलास्नं कोल्हापूरला निघालो. जुमा माझा भाडेकरू, मला मावशी म्हनायचा. आफ्रिकेतल्या मोंबाशाचा पोरगा, साखर कशी करत्यात ते शिकायला आलता. आदल्या दिशी त्येच्या ट्रंकेचं कुलूप फोडून कुनीतरी घड्याळ आनि पासपोर्ट (दुसऱ्या देशात जायाचा दाखला) नेलता. त्येची आई लई आजारी, तशी तार आलती. पंधरा दिसांनी मुंबईस्नं बोट हुती. पोलिसांच्या कागदाबिगर नवा पासपोर्ट न्हाय, आनि पासपोर्टाबिगर बोट न्हाय.

गावचा हवालदार म्हनला, "परदेशी मानसाचं काम कोल्हापूरला."

यष्टीत एक बाई जुमाला बघून आंग चोरून बसली. मी म्हनलं, "बाई, रंग लागत न्हाय. बसा नीट." ती हसली, मग तिनंच त्येला मूठभर शेंगा दिल्या. बाहीर उसाला तुरं आलतं. जुमाचं ध्यान न्हवतं.

ठाण्यात दुपारपतोर बाकड्यावर बसलो. भाकरी आनि खरडा (मिरचीचा ठेचा) हातावरच खाल्ला. मग सायबानं आत घेतलं.

"चोरी झालेली जागा कुनी बघितली?"

"मीच. ट्रंक फुटलेली, भुईवर चिखलाची पावलं. मग शेणानं सारवून घेतलं."

सायेब ताडकन उभा ऱ्हायला. "पावलं सारवलीस?"

"पोलिस घरात येनार म्हनल्यावर तशीच भुई दावू व्हय?"

ठाण्यातलं हवालदार हसलं. सायेब न्हाय हसला. "म्हातारे, पुरावा पुसलास. आता संशय तुझ्यावरच." जुमाला म्हनला, "तक्रारीत हिचं नाव लिव्ह. नाव असलं की आजच तक्रारीची नक्कल देतो. न्हायतर चौकशी हुईस्तवर थांब."

जुमानं पेन खाली ठेवला. "मावशी चोरी केला नाही."

"मग बस बाहीर."

बसलो. चार वाजलं. जुमा भिंतीकडं बघत हुता.

मी म्हनलं, "लिव्ह माझं नाव. मला कुठं बोटीनं जायाचंय?"

"खोटं आहे, मावशी."

"खोटंच हाय. पर तुझी आई खरंच आजारी हाय न्हवं?"

त्येनं लिवलं. खाली मी अंगठा दिला. सायबानं नक्कल दिली, माझ्याकडं बघितलं न्हाय.

जुमा बोटीनं गेला. मला चार खेपा कोल्हापूरला बोलवलं. दर खेपंला त्याच बाकड्यावर बसून आले. चोर घावला न्हाय, मग माझंबी नाव मागं पडलं. पर गल्लीतल्या बायकांनी वरीसभर माझ्याकडनं दह्याला इरजण नेलं न्हाय.

मग जुमाचं पत्र आलं. मास्तरांनी वाचलं. आई भेटली, आठ दिस त्येच्याशी बोलली, मग गेली.

मी म्हनलं, "मास्तर, आठ दिसांचं तेवढं परत वाचा."

त्या आठ दिसांपायी मी कागदावर चोर झाले. झाले तर झाले.