पाय हलवायचे नाहीत

सायकलच्या दुकानावरचा जिना चढून गेलं की एक लांबोडकी खोली लागायची. तिथं सहा जुने संगणक आणि टकटकबाई. खरं नाव तिचं तिलाच ठाऊक. कचेरीत तीस वर्षं टायपिंग करून तिची मान अशी धरली होती, की शेजारच्याकडं बघायचं तरी अख्खी बाई वळायची. म्हणून निवृत्त झाल्यावर पोरांना टायपिंग शिकवायला घेतलं, तेव्हा ती आधी त्यांना बसायलाच शिकवायची.

लोक म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. टकटकबाई म्हणायची, "असेलही बाबा वाकडं. आधी अंगण बघू." नवं पोर आलं की ती बोटं सोडून पाय बघायची. लोंबकळत असले तर खाली वीट, चिमुरडं असेल तर दोन. पाठीला उशी. मग हातांवर फडकं टाकायचं, म्हणजे बोटं दिसायलाच नकोत. "दोन बटणांवर बारीक उंचवटा आहे. अंगठ्याशेजारची बोटं तिथं. ते तुमचं घर. हुंदडा कुठंही, पण परत घरी या. आणि पाय हलवायचे नाहीत."

दुपारचं ऊन तिरकं आत यायचं. त्यात धूळ सावकाश तरंगायची. फडक्यांखाली बोटं सशांसारखी चुळबुळायची आणि त्या टपटपीत पोरांचे डोळे अर्धे मिटायचे.

"आजी, मी झोपले होते. बोटंच लिहीत होती," एक पोरगी म्हणाली.

"मग झोप. चुकलीस की उठवते."

या खोलीत शिंपीणबाई आली. चाळिशी उलटलेली. तयार कपड्यांनी तिचं गिऱ्हाईक पळवलं आणि दुकान बसलं. दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर एक जागा निघाली होती. महिन्याभरानं एका शुक्रवारी परीक्षा, दहा मिनिटांत एक पान. जागा हुकली तर बिऱ्हाड आवरून भावाकडं जायचं, आणि भावजय तर बोलण्यातच चिमटे काढणारी.

तीन आठवडे झाले तरी पान अर्ध्यावरच अडायचं. खांदे कानाला भिडलेले.

"बाई, माझी बोटं सुईला सोकावलेली. ही बटणं मला ओळखच देत नाहीत."

"बटणांना काय कळतंय? पाय हलतोय तुमचा."

"मी नाही हो हलवत. त्याचा तोच हलतो!"

"काकू, फ्रॉक शिवताय का?" मागून एक कार्टं बोललं आणि वर्ग फिदीफिदी हसला. शिंपीणबाईनं पाय दाबून धरला. पाय थांबला तशी बोटंही थांबली.

परीक्षेआधीच्या बुधवारी, दुपारच्या जेवणानंतर, पोरं अजून यायची होती. खोलीत दोघीच. टकटकबाईला खुर्चीतच डुलकी लागली. झोपेत तिला परातीत दाणे ओतल्यासारखा आवाज आला, एकसारखा, न थांबणारा. तिला वाटलं, आपण विशीतल्या आहोत, कचेरीच्या खिडकीशी बसलोय, मान अजून मोकळी आहे आणि टेबलाखाली आपला पाय मजेत हलतोय. तेवढ्यात साहेब खेकसला, "पाय!"

ती दचकून जागी झाली. साहेब कुठला! समोर शिंपीणबाई होती. डोळे मिटलेले, खांदे खुंटीवरून उतरवलेल्या कोटासारखे सैल, आणि पाय शिवणयंत्राच्या पायट्यावर असावा तसा टाच-चवडा, टाच-चवडा. पडद्यावर पान भरत आलेलं.

टकटकबाईनं ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

शिंपीणबाईनं डोळे उघडले. "हलला का हो मेला?"

"हलू दे."

"पण तुमचा नियम..."

"माझा कसला? साहेबाचा आहे. माझ्या पायानं त्याचं टेबल हलायचं. मी पाय आवळून बसले, मान धरली, आणि तोच नियम पोरांच्या माथी मारत बसले. चालू द्या तुमचं."

शुक्रवारी टकटकबाई बरोबर गेली आणि परीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर बसली. आतून बटणांचा आवाज सुरू झाला, मग पायाचा. घड्याळ बघायची तिची छाती होईना.

"कोण पाय आपटतंय?" परीक्षकाचा आवाज.

सगळं थांबलं. टकटकबाई उठून दारापर्यंत गेली. आत शिरून त्याला काय सुनवायचं तेही तिनं जुळवलं. तेवढ्यात शिंपीणबाईच म्हणाली, "साहेब, चपलेचा आवाज होतोय. चप्पल काढते. पाय मात्र थांबायचा नाही."

"काढा मग," परीक्षक म्हणाला. क्षणभरानं पुन्हा नुसती बटणं वाजायला लागली, परातीत दाणे ओतावेत तशी. टकटकबाई दाराला टेकून डोळे मिटून ऐकत राहिली.

शिंपीणबाई बाहेर आली तेव्हा चपला हातात होत्या.

"पान भरलं. वर दोन ओळी जास्तच. सोमवारपासून या म्हणाले."

"मग चपला घाला की."

"घालते हो. पाय गार तर होऊ द्या."