ताईची फळी

दुकान बापाचं, गल्ला भावाचा आणि जीभ ताईची, अशी त्या घरातली वाटणी होती. ही वाटणी कागदावर कधीच झाली नाही. बाप गेला आणि जो जिथे उभा होता तो तिथेच उभा राहिला. धाकटा काउंटरमागे होता, म्हणून गल्ला त्याचा झाला. ताई तेव्हा तळघरात पिंपं हलवत होती.

दुकान वाइनचं होतं. एका बाजूला चाव्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला चष्मेवाला, आणि मध्ये हे अरुंद, लांबट दुकान. आत शिरल्यावर समोर काचेचं कपाट दिसायचं. त्याला कुलूप होतं आणि आत नावाजलेल्या, जड बुडाच्या बाटल्या होत्या. ते कपाट धाकट्याचं. डाव्या हाताला, दाराला लागून, साध्या लाकडाची एक फळी होती. तिच्यावरच्या बाटल्यांची नावं कुणी ऐकलेली नसायची, लेबलं कधी वाकडी, कधी सुटत आलेली. पण आसपासच्या गल्ल्यांतली माणसं आत आली की कपाटाकडे ढुंकूनही न बघता तिकडे वळायची. ती ताईची फळी.

"चांगली वाइन शोधायला काय अक्कल लागते?" ताई म्हणायची. "खिसा मोकळा सोडला की सापडते. परवडणारी चांगली वाइन शोधायची तर चपला झिजवाव्या लागतात."

आणि तिने त्या झिजवल्या होत्या. दुकानाची जुनी व्हॅन घेऊन ती मळ्यामळ्यांतून हिंडायची. नावाजलेल्या गावात ती कधी थांबायची नाही. त्या गावाची हद्द संपली की पुढच्या वळणावर थांबायची. माती तीच, ऊनही तेच, फक्त पाटी बदललेली. आणि पाटीचेच तर पैसे असतात. दुसरं म्हणजे, ज्या द्राक्षाचं नाव गिऱ्हाइकाला उच्चारता येत नाही ते ती हटकून चाखून बघायची. लोक मागायला लाजतात, म्हणून ते स्वस्त पडतं. सकाळपासून घोट घ्यायचा, तोंडात खेळवायचा, बादलीत थुंकायचा. "लोकांच्या लेकी शिकून कुठल्या कुठे गेल्या," आई म्हणायची, "आमची थुंकायला शिकली."

लग्न ठरता ठरता राहिलं. बाटल्यांच्या कारखान्यातला एक फोरमन होता, भला माणूस. त्याची बदली झाली तेव्हा बाप अंथरुणाला खिळलेला होता आणि धाकट्याला आंबट आणि तुरट यातला फरक कळत नव्हता. फोरमन थोडे दिवस थांबला, मग थांबला नाही.

टेकडीवाला तिला अशाच एका फेरीत सापडला. उतारावर दगडच दगड, वेली खुज्या, घड मुठीएवढे. म्हातारा आपली सगळी द्राक्षं सोसायटीला घालायचा. तिथे ती चारचौघांच्या मालात मिसळून जायची. थोडीशी तो घरच्यासाठी ठेवायचा आणि गोठ्याच्या मागे पिंपात मुरवायचा. त्याने पेल्यात ओतून दिली. ताईने घोट घेतला, तोंडात फिरवला, बादली शोधायला मान वळवली आणि गिळून टाकला. असं तिचं कधी होत नसे.

"ही विकता का?"

"ही? ही घरची आहे. हिला कोण विचारतंय?"

"मी विचारतेय."

तिने दुकानाला झेपेल तो भाव सांगितला. म्हाताऱ्याने लगेच मान डोलावली. घासाघीस केली नाही, म्हणजे आपल्याकडे काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. ताईच्या ते लक्षात आलं. ती काही बोलली नाही.

पुढची कितीतरी वर्षं ती वाइन फळीवर मधोमध उभी राहिली. शिंपीणबाईच्या घरी काही आनंदाचं असलं की तीच. शिंपीणबाई समोरच्या गल्लीत बायकांचे कपडे शिवायची. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं अंदाजानेच समजून घ्यावं लागे. आणि बसवाले काका. शहराची बस चालवून निवृत्त झालेले, बायको गेलेली. शनिवारी यायचे, एक बाटली न्यायचे आणि पुढच्या शनिवारी तिच्याबद्दल एखाददुसरा शब्द बोलायचे. "जरा हट्टी होती." किंवा, "मनमोकळी निघाली." ताई आठवडाभर त्या शब्दाची वाट बघायची, हे तिने कुणाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? पण एवढ्या गिऱ्हाइकांत आपल्यासारखीच जीभ असलेलं एक माणूस आहे, या आधारावर ती खड्ड्याखड्ड्यांतून व्हॅन हाकत होती.

मग तो लेखक आला. वर्तमानपत्रात खाण्यापिण्यावर लिहायचा. पाऊस टाळायला दुकानात शिरला, ताईने पुढे केलेला घोट घेतला आणि खुर्ची ओढून बसलाच. असं कान देऊन ताईचं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं. घरात ती बोलायला लागली की धाकट्याची बायको भांडी आवरायला उठायची. ताई खुलली. कुठलं गाव, कुठला फाटा, कुठला उतार, गोठ्यामागचं पिंप, सगळं भडाभडा सांगून मोकळी झाली.

लेख छापून आला. त्यात ताईचं कौतुक होतं, एक अक्षर खोटं नव्हतं. दुकानापुढे कधी न दिसलेल्या गाड्या उभ्या राहिल्या. एकेक माणूस खोकेच्या खोके उचलून नेऊ लागला. फळी बघता बघता रिकामी झाली. शनिवारी बसवाले काका आले, मोकळ्या फळीकडे बघून म्हणाले, "वा, नाव झालं तुमचं," आणि रिकाम्या हाताने परत गेले. धाकटा मात्र लेखाची चौकट करून भिंतीवर खिळा ठोकत होता.

नव्या हंगामात ताई टेकडीवर गेली तेव्हा गोठ्याला नवं छप्पर होतं आणि फाटकावर एका कंपनीचा बोर्ड.

"सगळीच घेतात ते," म्हातारा म्हणाला. त्याने ताईला बसायला खुर्ची दिली, पण पेला काढला नाही. "करार झालाय."

"मला थोडीशीही नाही? इतकी वर्षं मी येतेय."

"तुला त्यांचा भाव झेपणार नाही."

"आणि माझी माणसं? ती काय पिणार?"

म्हाताऱ्याने आपल्या तळहाताकडे बघितलं. "तुझी माणसं चांगली असतील," तो म्हणाला. "पण इतकी वर्षं त्यांना स्वस्त मिळावं म्हणून मी स्वस्तात दिलं. तू पहिल्या दिवशी घोट गिळलास ना, तेव्हाच तुला माहीत होतं हिची किंमत काय आहे. मला सांगितलंस?"

तोंडात मारल्यासारखी ताई व्हॅनमध्ये येऊन बसली. राग कुणाचा करायचा तेच तिला कळेना. म्हाताऱ्याचा करावा तर तो खरं बोलला होता. लेखकाचा करावा तर त्याला पत्ता तिनेच दिला होता.

घरी न जाता ती तशीच पुढे निघाली. नवी वाइन शोधायलाच हवी होती. मिळेल तिथे मुक्काम, मिळेल ते खाणं. पण लेख तिच्या आधी सगळीकडे पोचला होता. तिने चाखायला मागितलं की मळेवाले हसून म्हणायचे, "तुम्हीच ना त्या?" आणि भाव दुप्पट करायचे. जी परवडत होती ती पिण्यासारखी नव्हती. हंगाम संपत आला तेव्हा ती रिकामी व्हॅन घेऊन परतली.

दुकानात शिरली आणि जागीच थबकली. फळी भरलेली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळ्या बाटल्या एकसारख्या, सगळ्यांवर एकच लेबल. तिच्या अक्षरासारखं वळण देऊन छापलं होतं, 'ताईची निवड'.

तिने तिथेच एक बाटली फोडली. घोट घेतला आणि कुंडीत थुंकला. ओळखीची चव. बंदराजवळच्या गोदामात टँकरने येते ती, कुठल्या कुठल्या टाक्यांचा गाळ एकत्र करून वर साखरेचा हात फिरवलेली. बाप ती दारातही उभी करत नसे.

"हे काय आहे?"

"धंदा आहे," धाकटा म्हणाला. त्याने मान वर केली नाही. "तू बेपत्ता. फळी रिकामी. लोक विचारतायत, ताईंचं काय आहे? मी काय देऊ, तुझी चप्पल देऊ?"

"माझं नाव कुणाला विचारून टाकलंस?"

"तुझं नाव कुठंय? ताई लिहिलंय. ताई कुणाचीही असू शकते."

धाकट्याची बायको मागून म्हणाली, "खरं सांगू का वन्सं, लोकांना वाइन नको असते. कुणीतरी निवडून दिलेलं हवं असतं."

"लोक ओळखतील," ताई म्हणाली. "पहिल्या घोटाला ओळखतील. आणि बाटल्या तुझ्या तोंडावर आणून आपटतील."

लेबलं फाडायला हात शिवशिवत होते, पण तिने ती फाडली नाहीत. भावाची खोड मोडायची तर ती गिऱ्हाइकांनीच मोडावी, असा तिने मनाशी हट्ट धरला. ती काउंटरच्या कडेला स्टूल टाकून बसली आणि पहिल्या तक्रारीची वाट बघू लागली.

तक्रार आली नाही. चाव्यावाला दोन बाटल्या घेऊन गेला आणि परत आला तो तिसरी घ्यायला. चष्मेवाल्याच्या सासूने सांगितलं, हल्ली डोकं दुखत नाही. एक जण म्हणाला, आधीची जरा जास्तच गंभीर होती, ही कशी हसरी आहे. ताई प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची. धाकटा तिच्याकडे बघायचाच नाही, आणि तेच तिला जास्त झोंबायचं.

शनिवारी बसवाले काका आले. आदल्या शनिवारी त्यांनीही याच लेबलाची एक नेली होती. ताईचा जीव कानात गोळा झाला.

"कशी वाटली?" तिनेच विचारलं.

काकांनी फळीवरची दुसरी बाटली उचलून पिशवीत ठेवली. "ठीक आहे," म्हणाले, आणि निघून गेले.

त्याच सुमारास शिंपीणबाईच्या लेकीला मोठ्या कपड्यांच्या कंपनीत नोकरी लागली. घरात जेवण ठेवलं होतं. शिवणयंत्रं भिंतीला सरकवून टेबलं जोडली होती. नातेवाईक, शेजारी, लेकीचे नवे साहेब, आणि बसवाले काकाही होते. शिंपीणबाईने उठून पेला उंचावला. त्या दिवशी तरी तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. "या घरातलं प्रत्येक सुख ताईंच्या फळीवरून आलंय," ती म्हणाली. "आणि यंदाची तर सगळ्यात छान!"

सगळ्यांनी ताईकडे बघून पेले उचलले. ताईने पेला खाली ठेवला.

"ही माझी नाही," ती म्हणाली. "ही टँकरची आहे. मी हिने पायसुद्धा धुणार नाही."

साहेबांनी घाईघाईने पेल्यात वाकून बघितलं. शिंपीणबाईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही चांगली म्हणालात म्हणून आम्ही इतकी वर्षं चांगली म्हटली. आज वाईट म्हणता, तर वाईट. आम्हाला कुठे कळतंय त्यातलं? पण हे आज, माझ्या लेकीच्या पाहुण्यांसमोर सांगायलाच हवं होतं?"

ताईने काढता पाय घेतला. जिन्यात बसवाले काका तिच्या मागे आले.

"तुम्हालाही कळलं नाही ना?" ती वळून म्हणाली. "दुसऱ्यांचं सोडा. तुम्हाला?"

"कळलं होतं," काका म्हणाले. "पहिल्याच घोटाला."

"मग बोलला का नाहीत?"

काका कठड्यावरून हात फिरवत राहिले. "म्हटलं, तुमच्यावर काही वेळ आली असेल. माणूस उगाच फसवत नाही. विचारून कशाला लाजवा? म्हणून दुसरी घेतली."

ही वाइन तिच्या निवडीची नाही हे एका माणसाने ओळखलं होतं, आणि त्याने तिला लबाड ठरवून वर माफही केलं होतं. इतर कुणाला काही कळलं नाही, ते त्यामानाने किती हलकं होतं! जिन्यातल्या भिंतीला टेकून ती उभी राहिली. आपण दुकानात स्टुलावर बसून भावाला धडा शिकवायची वाट बघत होतो. तेवढ्या दिवसांत हा माणूस तीच टँकरची वाइन मुकाट्याने पीत होता, तिची लाज राखायला.

दुसऱ्या आठवड्यात तिने दुकान सोडलं. धाकट्याने अडवलं नाही, लेबलही काढलं नाही. फळी अजून भरलेली असते. लोकांनी तो प्रसंग मनावर घेतला नाही. उलट ताई नाहीत म्हटल्यावर त्यांना आत यायला मोकळं वाटू लागलं. शिंपीणबाई रस्त्यात दिसली की पलीकडच्या बाजूला जाते.

ताईला फळांच्या रसाच्या कारखान्यात काम मिळालं. पांढरा कोट घालून रोज प्रत्येक टाकीतला रस चाखायचा आणि कालच्यासारखाच लागतो की नाही ते सांगायचं. वेगळा लागला तर टाकी रिकामी करतात. वेगळा म्हणजे कधीकधी जास्त चांगला असतो. तोही ओतून देतात.

एका संध्याकाळी बसवाले काका तिच्या भाड्याच्या खोलीवर आले. पिशवीत एक बाटली होती. मोठ्या बाजारातल्या एका दुकानात, खालच्या कप्प्यात, धूळ खात पडलेली सापडली म्हणाले. द्राक्षाचं नाव त्यांना धड वाचता येत नव्हतं. ताईने स्वयंपाकघरातले पेले काढले. घोट घेतला, फिरवला. काका तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"बरी आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "बरीच बरी आहे."

"अजून होत्या तिथे," काका उत्साहाने म्हणाले. "परवा शिंपीणबाई भेटली, विचारत होती, कुठे चांगलं काही मिळतं का म्हणून. सांगू तिला?"

ताईने बूच उचलून बाटलीत घट्ट दाबलं.

"कुणाला सांगू नका," ती म्हणाली.