डाव्या गालावरची तुरटी

माझ्या वडिलांची दाढी मी करते, याचा आमच्या नातेवाइकांना एवढा त्रास का व्हावा, हे मला अजून कळलेलं नाही. करायला कोणी पुढे आलं नव्हतं. बोलायला मात्र सगळे आले.

बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फोरमन होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं, तसं आम्ही त्याच भागात घर घेतलं. बाबांची दाढीची वेळ मात्र सुटली नाही. सकाळी सहाला बेसिनपाशी उभे. वाटीत साबण, ब्रश, जुना जड रेझर, मग गार पाण्याने तोंड धुऊन ओली तुरटी. साबणाच्या वडीएवढा तो तुकडा वापरून वापरून गुळगुळीत झाला होता. गालांवरून, हनुवटीखालून, गळ्यावरून तो सावकाश फिरवायचा आणि मिनिटभर डोळे मिटून उभं राहायचं. त्या मिनिटात त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. जिथे झोंबेल तिथे आज हात जड पडला, असं ते सांगत. उद्या तिथे हलक्या हाताने. मग पुन्हा तोंड धुवायचं आणि कातडी ओढली जाऊ नये म्हणून खोबरेल तेलाचं एक बोट. कोणी कोणी भेट दिलेल्या सुगंधी आफ्टरशेव्हच्या बाटल्या कपाटात तशाच पडून होत्या.

गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू गेली. पुढे हात-पाय थोडे हलू लागले, बोलणंही सावकाश परत आलं, पण डाव्या बाजूला स्पर्श कळेना. डॉक्टरांनी गालाला सुईचं टोक लावून पाहिलं आणि बाबांना स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगितलं, की यात आता फारसा फरक पडेल असं धरून चालू नका. मला त्या माणसाचा संताप आला. एवढं शिकला, पण पेशंटसमोर आवाज खाली करावा एवढं काही त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

घरी आणलं तोवर दाढी भरपूर वाढली होती. कोणी भेटायला आलं की बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. लोकांना वाटायचं झोप लागली. मला माहीत होतं की ते तोंड लपवताहेत. परगावी असलेल्या माझ्या धाकट्या भावाने व्हिडिओ कॉलवर पाहून सांगितलं की राहू दे दाढी, छान दिसते. मग माझं बोलणं ऐकून त्याने ट्रिमर पाठवला. कानाशी ती घरघर सुरू झाली की बाबा डोकं मागे घ्यायचे. न्हावी बोलावला, तर त्याने फसफस फेस मारला, दोन मिनिटांत खरडलं आणि वर स्पिरिटचा फवारा मारला. बाबांच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. पुढच्या रविवारी त्याला मी दारातूनच परत पाठवलं आणि रेझर हातात घेतला.

निजामपुऱ्याची आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, हे ऐकताच रिक्षा करून आली. लेकीने बापाच्या तोंडाला पातं लावायचं नसतं, अपशकुन असतो, असं तिने दारातच ऐकवलं. बापाने भिंतीकडे तोंड करून पडून राहावं हा कुठला शकुन, ते तिने सांगितलं नाही.

शिवाय माझ्या वाटेत पहिली अडचण तिनेच करून ठेवली होती. आम्ही हॉस्पिटलात असताना ती घर सांभाळत होती. नळाला गढूळ पाणी आलं, म्हणून तिने बेसिनवरची तुरटी पिंपात फिरवली आणि तिथेच राहू दिली. वर्षानुवर्षं बाबांच्या हातात बसलेला तुकडा आठवड्यात विरघळून गेला. मी विचारलं तर म्हणते, "पाणी डहोळं येत होतं ने. तुरटी दुसरी मिळते."

मिळते खरी. लहरीपुऱ्यात गांधीच्या, म्हणजे जडीबुटी-पूजासामानाच्या दुकानात फटकडी म्हणून तुरटी मागितली, तर दुकानदार दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तो काळा दोरा काढून विचारतो, "नजर माटे ने, बेन?" मी म्हटलं, दाढीसाठी. त्याने माझ्या हनुवटीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. नव्या खड्याच्या कडा काचेसारख्या धारदार होत्या. दोन दुपारी मी तो मागच्या दारच्या धुण्याच्या दगडावर ओला करून घासत बसले.

तेव्हापासून रोज सकाळी दाढी. उशीला टेकवून बसवायचं, गळ्याशी टॉवेल, बाबा डोळे मिटून घेणार. शेवटी तुरटी फिरवायची आणि मी विचारायची, झोंबतंय का. उजवीकडे हो म्हणायचे. मग डावीकडे विचारायची. पहिले काही दिवस ते गप्प राहिले. मी रोज विचारत राहिले. एका सकाळी ते म्हणाले, "झोंबतंय की."

मला काय झालं ते मला सांगता येणार नाही. आनंदापेक्षा आधी डॉक्टरांचं तोंड आठवलं. भावाला लगेच फोन केला. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, तुला तसं वाटत असेल." मला वाटत असेल! रोज त्या गालाला हात कोण लावत होतं? मी फोन ठेवून दिला आणि दोन दिवस त्याचा फोन घेतला नाही. त्यानंतर महिनाभर रोज बाबा डावीकडेही झोंबतंय म्हणत होते, आणि मी ते ज्याला त्याला ऐकवत होते.

मग एका सकाळी आत्या पुन्हा आली. डावा गाल साबणाने भरलेला, माझ्या हातात रेझर, आणि ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून तेच सुरू. लोक काय म्हणतात, सुधारणा होत नाही ती कशामुळे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिच्याकडे वळून म्हटलं, सुधारणा होत नाही कोण म्हणतं, त्यांना झोंबतंय, हवं तर विचार. बोलताना हात थांबवायचा असतो. मी थांबवला नाही.

फेसात लाल रेघ उमटली आणि भराभर पसरली. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. मी बोटांनी गाल दाबून धरला. आत्याचं तोंड बंद झालं. बाबा डोळे मिटून शांत बसले होते. भुवईसुद्धा हलली नव्हती. मी वाट पाहत राहिले.

खोलीत एकदम शांतता झाली म्हणून असेल, त्यांनी डोळे उघडले. माझी लाल झालेली बोटं त्यांना दिसली आणि कपाळाला आठी पडली.

"पातं बघून धरावं गं," ते सावकाश म्हणाले. "कुठे कापून घेतलंस?"

त्यांनी उजव्या हाताने तुरटी उचलली, वाटीतल्या पाण्यात बुडवली, माझं बोट ओढून घेतलं आणि त्यावर ती दाबून धरली. त्यांच्या गालावरचा ओघळ हनुवटीपर्यंत आला होता.

"झोंबेल जरा," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो बाबा, झोंबतंय.