मधी जो कोण उभा हाय

ज्याच्या हातात काम नसतं त्याच्याकडे किस्से फार जमतात. येणारा-जाणारा प्रत्येकजण त्याला काहीतरी सुचवून जातो ना! मांडवीतल्या ज्या हॉटेलात मी रिसेप्शनला होते, ते मालकाने विकून टाकलंन आणि मी घरी बसले. तेव्हा माझी शाळेतली मैत्रीण शिल्पा म्हणाली, "आमच्या जागा विकायच्या टीममध्ये एजंट म्हणून ये गो. आठवडाभर नुसती बरोबर फिर, मग सोमवारी काय ते सांग."

मला कामाची गरज होती, लपवायचं कशाला? गेले.

*

टीम लीडर सावंतसर. डोळ्यांवरचा गॉगल ऑफिसातसुद्धा काढत नाहीत. मी सर्टिफिकेटांची फाइल पुढे केली, ती त्यांनी उघडलीसुद्धा नाही.

"माहेर कुठलं?"

"पालीच्या पुढे."

"जागा आहे? कोण बघतं?"

"आंब्याची बाग आहे. काका बघतात. पण ते दलालाला बागेच्या दगडी गडग्याच्या आत घेत नाहीत हं!"

"वा!" म्हणाले आणि माझ्यासाठी स्पेशल चहा मागवला. झाला इंटरव्ह्यू! मला वाटलं, किती आपुलकीने चौकशी करतो हा माणूस. गाढव मी.

*

पहिला नियम, 'कातळ' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. इंग्रजीत 'प्लॅटो', म्हणजे पठार, म्हणायचं. जिथे पहार मारली तर ठिणगी उडते, तिथे आम्ही पुण्याच्या एका जोडप्याला घेऊन गेलो. बाईंना बाग करायची होती.

"इथे नारळ लावता येतील?"

"लावा की!" शिल्पा म्हणाली.

"काजू?"

"लावा!"

"चिकू?"

"बिनधास्त लावा, मॅडम!"

गाडीत बसल्यावर मी शिल्पाला झापलं. "अगो, तिथे गवत धड उगवत नाही, चिकू कुठला?"

"मी लावा म्हटलं. उगवेल असं कधी म्हटलं?"

हसले मी तेव्हा. हसू आलं, काय करणार!

*

मिरकरवाड्याच्या मच्छी बंदराजवळचे फ्लॅट टीम फक्त पावसाळ्यात दाखवते. मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला, जाळी गुंडाळलेली आणि हवा कशी छान स्वच्छ! अशाच एका बंदीत कोल्हापूरच्या एका रिटायर्ड मास्तरांनी फ्लॅट घेतला. माणूस शुद्ध शाकाहारी, घरात अंडंसुद्धा नाही.

बंदी उठली, बोटी गेल्या, माल घेऊन परत आल्या. मास्तरांचा फोन.

"अहो मॅडम, इथे काहीतरी मेलंय!"

"मेलं नाही हो सर," शिल्पा म्हणाली, "सीझन सुरू झालाय!"

हा किस्सा ऑफिसात दर सोमवारी सांगतात. नव्या पोरांना ट्रेनिंग म्हणून! मास्तर अजून खिडक्या लावून बसतात म्हणे. मेले, लाज कशी वाटत नाही.

*

सावंतसर कागदापेक्षा नारळावर जास्त भरवसा ठेवतात. आमच्याकडे जुन्या माणसाने नारळ हातात घेतला की शब्द झाला. मग जीव गेला तरी तो फिरत नाही. "कागदाला वकील फोडतो," सर म्हणतात, "नारळाला कोण फोडणार?"

एका गावात असाच शब्द झाला आणि गावच्या मानकऱ्याला, गावकाराला, देवापुढे गाऱ्हाणं घालायला बोलावलं. म्हातारा देवळासमोर हात जोडून उभा राहिला. टीम मागे रांगेत, इस्त्रीच्या शर्टात.

"बा देवा म्हाराजा! ज्यानं जागा दिलान त्याचा भला कर!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्यानं घेतलान त्याचा भला कर!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि ह्या दोगांच्या मधी जो कोण उभा हाय," म्हाताऱ्याने मागे वळून एकेकाचं तोंड बघितलंन, "त्याचा काय करायचा ता तूच बघून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज सावंतसरांचा होता. फोनवर होते ना, शब्द ऐकतोय कोण!

मी मात्र ऐकलं होतं.

*

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. काम नसलं तर नसलं, पुन्हा कुठल्यातरी काउंटरला उभी राहीन, पण हे नको. सोमवारपर्यंत थांबायचं तरी कशाला, आज रविवारीच शिल्पाला सांगून टाकू म्हणून फोन हातात घेतला, तर तोच वाजला. काका! वडील गेल्यापासून बापाच्या जागी तेच. कधी आपणहून फोन करत नाहीत.

"काय गो बाय, तुज्या ऑफिसातली मानसं येवन गेली."

"माझी? काका, मी अजून..."

"गडग्याभायरनंच घालवनार होतो. पन तुजा नाव सांगितलानी. मग आत घेतलंय, चाय दिलंय. बाग बघितलानी आनि नारळ पुडं केलानी."

"काका, तुम्ही घेतलात नारळ?"

"घेतला तर!" काका खुशीत होते. "आमची पोर मधी हाय म्हटल्यावर इचारायचा काय?"