अर्ध्या किलोचा चाप

राजापेठेत, ट्यूशन क्लासच्या पाट्यांनी वरपासून खालपर्यंत झाकलेल्या एका इमारतीखाली, खुशालरावांची भाजीची गाडी गेली सव्वीस वर्षं उभी आहे. या सव्वीस वर्षांत त्यांनी कुणाला एक मिरची फुकट दिल्याचं ऐकिवात नाही. बाकीचे भाजीवाले पिशवीत शेवटी चार मिरच्या आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दोन काड्या टाकतात, गिऱ्हाईक खूश होतं आणि उद्या परत येतं. खुशालरावांना हा सगळा प्रकारच अनीतीचा वाटतो. "माप म्हंजे माप," ते म्हणतात. "कमी देनं जसं खोटं, तसं जास्त देनं बी खोटंच."

आणि ते नुसतं म्हणत नाहीत, करतातही. बटनाच्या काट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. बॅटरी उतरली की तो बहकतो, असं त्यांचं मत आहे. त्यांचा हाततराजू आहे, त्याच्या दांडीची मधली धार ते दर सोमवारी पुसून, तेलाचा एक थेंब देऊन साफ करतात. पारडं जरा झुकलं तर गाजर मोडतील, वांग्याचं देठ खुडतील, पण काटा मधोमध आणतील. मोडलेले तुकडे एका टोपलीत जमतात आणि रात्री घरी जातात. त्यांच्या बायकोनं, सुभद्रानं, लग्नानंतर अख्खं गाजर क्वचितच चिरलं असेल. "आमच्या घरी सगळी भाजी आंधीच चिरून येते," ती शेजारणींना सांगायची आणि मग स्वतःच ओशाळायची.

बारा वर्षांपूर्वी खुशालरावांना टायफॉईड झाला. दीड महिना ते अंथरुणाला खिळून होते आणि गाडी सुभद्रानं चालवली. उठून परत गाडीवर आले, अर्ध्या किलोचं माप उचललं, तर ते हाताला जड लागलं. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू. तो काही पूर्ण गेला नाही. खुशालरावांनी अंडी खाल्ली, खारका खाल्ल्या, शेवटी हात जन्माचा कमजोर झाला हे मान्य केलं. त्याच सुमारास त्यांची दुसरी तक्रार सुरू झाली. मार्केटमधून दहा किलो वांगी आणावीत तर संध्याकाळी विकलेल्या मापांची बेरीज दहा किलो भरतच नसे. आडत्या मापात मारतो, हे त्यांनी तत्काळ ओळखलं आणि त्याच्याशी कडाकडा भांडून आडत्या बदलला. मग दुसराही बदलला. सध्याचा तिसरा आहे, त्याच्याशीही बोलणं जेमतेमच.

अशा माणसाच्या पोटी प्रणाली जन्माला आली आणि तिला नेमबाजीचा नाद लागला. कॉलेजात एनसीसीत असताना तिचा नेम पाहून कुणीतरी तिला शहरातल्या एका नेमबाजी क्लबात नेलं. तिथले शिकवणारे धर्मेंद्र सर फौजेतून निवृत्त झालेले, मिशी पांढरी, आवाज तसाच फौजेतला. पोरगी बंदूक चालवते म्हटल्यावर खुशालराव एका सोमवारी, तराजूला तेल देऊन झाल्यावर, काय प्रकार आहे ते पाहायला क्लबात गेले.

तिथं सर पॉइंट टू टू रायफलचा चाप तपासत होते. या रायफलीचं काडतूस लहान, पिन त्याच्या तळाच्या कडेवर आदळते. चेंबर रिकामं ठेवून चाप ओढला तर पिन नुसती लोखंडावर आपटून खराब होते, म्हणून सरांनी आत एक वापरलेलं, पोकळ काडतूस घातलं होतं. रायफल नळी आभाळाकडे करून उभी धरलेली. क्लबांच्या आपसातल्या स्पर्धेत नवशिक्यांसाठी नियम असा, की चापाला अर्धा किलो वजन टांगून उचललं तरी तो सुटता कामा नये. त्याहून हलका चाप धोक्याचा. आणि सरांनी वजन म्हणून चापाला काय टांगलं होतं, तर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली.

खुशालराव पुढं झाले. "अहो सर, हे काय करून राहिले तुमी?"

"अर्धा लिटर पानी म्हंजे अर्धा किलो. हिशेब बरोबर हाय."

"अन् बाटलीचं वजन? झाकनाचं? थ्या सुतळीचं?"

सरांनी बाटली सोडून हातात घेतली. फौजेत त्यांना असा प्रश्न कुणी केला नव्हता. दुसऱ्या दिवशी खुशालराव आपलं अर्ध्या किलोचं माप फडक्यात गुंडाळून घेऊन आले. गाडीवर त्या दिवशी सगळ्यांना पावपावानं भाजी घ्यावी लागली.

इथून खुशालरावांच्या आयुष्यात एक नवीनच प्रकरण सुरू झालं. चापाच्या आत पोलादाच्या दोन धारा एकमेकींवर टेकून बसतात आणि बोटाच्या दाबानं एक सरकली की गोळी सुटते, हे सरांनी दाखवलं तेव्हा त्यांना आपला तराजूच आठवला. तिथंही सगळा खेळ एका धारेचाच. चापाला तीन स्क्रू होते: एक स्प्रिंगचा ताण वाढवायचा, एक त्या दोन धारा किती अडकाव्यात ते ठरवणारा, आणि एक गोळी सुटल्यावर चाप आणखी किती मागं जावा यासाठी. सरांचा हात दणकट, ते अख्खा फेरा फिरवत. खुशालराव केसभर फिरवत, डोळे मिटत, ओढून पाहत, पुन्हा केसभर. महिन्याभरात सर नुसते शेजारी बसून चहा पिऊ लागले आणि स्क्रू खुशालरावांच्या ताब्यात गेले.

एकदा मात्र फजिती झाली. दुसरा स्क्रू त्यांनी इतका सैल केला, की सरांनी रायफलीचा दस्ता जमिनीवर जरासा आपटला तर चाप आपोआप सुटला. आत पोकळ काडतूसच होतं म्हणून बरं. सरांनी त्यांना सगळ्या पोरांसमोर झाप झाप झापलं. त्या दिवसापासून स्क्रू फिरवल्यावर दस्ता सात वेळा आपटून पाहिल्याशिवाय खुशालराव रायफल कुणाच्या हाती देईनात.

प्रणालीच्या रायफलीचा चाप त्यांनी असा लावला, की आपलं माप टांगलं तर तो धरून राहील, पण तिळभर वजन जास्त झालं की सुटेल. ते कामावर बेहद्द खूश होते. प्रणाली नव्हती.

"बाबा, चाप जड हाय. ओढता ओढता नळी उजवीकडे जाते माही."

"अर्धा किलो म्हंजे अर्धा किलो. तुहं बोट कमजोर हाय. माह्यावर गेली तू."

"दुसऱ्या रायफलीचा चाप हलका लागते मले."

"त्या रायफलीचा चाप बाटलीवर लावेल हाय! बाटलीवर!"

अकोल्याची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. नवशिक्यांमधले पहिले तीन जण संघात जाणार आणि त्यांतल्या प्रत्येकाला वर्षभर सरावाला रायफल मिळणार होती. चौथा आला तर तो पुन्हा आठवड्यातून एक दिवस रांगेत. प्रणालीला ते संघात जाणं इतकं हवं होतं की ती झोपेतसुद्धा बोट वाकवी. सरावात तिच्या गोळ्या एकामागोमाग एक मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाच्या उजवीकडे लागत. ती चिडायची, रडायची आणि घरी येऊन रबराचा चेंडू दाबत बसायची. बाप माप पुढं करायचा. सुभद्रा दोघांना ताटं वाढायची आणि का कोण जाणे, तेवढ्यापुरती मुकी व्हायची.

स्पर्धेच्या दिवशी सरांच्या जीपमधून सगळे निघाले. रायफली आणि त्यांचे कागद सरांच्या मांडीशी, भाकरी-ठेचा सुभद्राच्या मांडीवर, आणि खुशालरावांच्या मांडीवर फडक्यातलं माप. मूर्तिजापूरला चहा प्यायला उतरले तेव्हाही त्यांनी ते खाली ठेवलं नाही.

अकोल्याच्या हॉलमध्ये तपासणीच्या टेबलावर संध्या मॅडम बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाचशे ग्रॅमचं चकचकीत वजन होतं, हुक असलेलं. त्यांनी प्रणालीची रायफल उभी धरायला लावली, वजन टांगून सावकाश उचललं. चाप सुटला नाही. "पास," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्याला बोलावलं.

आता इथं कोणताही शहाणा बाप बाजूला झाला असता. पण खुशालरावांना आपली कारागिरी अशी एका शब्दात निकालात निघालेली सोसवेना.

"मॅडम, एक मिनिट. निसतं पास नका म्हनू. पाच ग्रॅम जास्त टाकून पाहा, कट्टकन सुटते का नाही!"

मॅडमना गंमत वाटली. त्यांनी लहान वजनांची डबी काढली आणि पाच ग्रॅम चढवले. चाप सुटला नाही. दहा चढवले, वीस चढवले. मागं रांगेतली पोरं माना उंचावू लागली. पन्नास झाले. खुशालरावांच्या कपाळावर घाम आला. सत्तर झाले, ऐंशी झाले. नव्वदाला कट्ट आवाज आला.

"तुमचं वजन हलकं हाय, मॅडम," खुशालराव म्हणाले.

"हे वजन तपासून आणलेलं आहे, काका."

"मंग माहं काय चोरीचं हाय? सव्वीस वर्षं झाले, राजापेठेत इचारा कोनाले बी!" आणि त्यांनी फडकं सोडून माप टेबलावर ठणकन ठेवलं.

टेबलावर बॅगा मोजायचा बटनाचा काटा होता. मॅडमनी माप त्यावर ठेवलं. आकडा उमटला: पाचशे अठ्ठ्याऐंशी.

बॅटरी उतरली असेल, असं खुशालराव म्हणणार होते. पण मॅडमनी त्याच काट्यावर आपलं वजन ठेवलं आणि पाचशे दाखवले. मग खुशालरावांनी माप उलटं केलं. बुडाशी शिशाची एक चकती होती, वजनमापांचा सरकारी छाप मारायला असते तशी. फक्त जरा मोठी आणि जरा वाकडी. बारा वर्षांत त्यांनी मापाचं बूड पाहिलं नव्हतं. पारड्यात माप ठेवणारा माणूस त्याचं बूड कशाला पाहील? आणि छाप मारायला माप नेण्याचं काम दर वेळी सुभद्राच करायची.

त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं. सगळ्या हॉलमध्ये तीच एकटी चकित झालेली नव्हती. ती भाकरीच्या फडक्याची गाठ सोडत होती, पुन्हा बांधत होती.

"सुभद्रे?"

"बॅटरीवाल्याकडून शिसं भरून घेतलं म्या त्याच्यात," ती म्हणाली. "तुमी तापात होते तवा. छापाले मी माह्या माहेरचं माप नेत होती."

"पन काहून?"

"तुमी दीड महिना पडून होते. ह्याच गिऱ्हाईक बाया डबे आनत होत्या, दूध आनत होत्या. भाजी लागो का न लागो, आपल्याच गाडीवर येत होत्या. अन् तुमी उठल्यावर त्यायले एक मिरची बी देली नसती. मले लाज वाटत होती हो." तिनं डोळ्याला पदर लावला. "तुमी तं देत नोयते. मंग म्या मापालेच द्याले लावलं."

खुशालराव उभे होते तसेच उभे राहिले. त्यांच्या डोक्यात आधी दोन आडते येऊन गेले, मग ती अंडी, त्या खारका. मग पोरीचा तो रबराचा चेंडू आला आणि तिथं ते हलले. पोर तीन आठवडे खरं सांगत होती आणि आपण तिचंच बोट खोटं ठरवलं, हे त्यांना सुईसारखं टोचलं.

"बाबा," प्रणाली म्हणाली, "माहा नंबर पंधरा मिनिटांत हाय."

"काका," संध्या मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "पुन्हा लावा चाप, मी परत तपासते. आणि एक सांगू? तुमचं माप पाचशे अठ्ठ्याऐंशी आणि चाप सुटला पाचशे नव्वदला. तुमचा हात दोन ग्रॅमच्या आत आहे."

धर्मेंद्र सरांनी रायफल धरली. खुशालरावांनी मॅडमचं वजन टांगलं, स्क्रू केसभर सैल केला, पुन्हा केसभर. पुन्हा. डोळे पाणावल्यामुळे यावेळी ते मिटायची गरज पडली नाही. मग त्यांनी दस्ता सात वेळा आपटवून पाहिला. सर म्हणाले, बस झालं, तरी सातच्या सात वेळा.

प्रणाली तिसरी आली. उजवीकडे गेल्या फक्त दोन गोळ्या. जीपमध्ये परतताना ती आईच्या खांद्यावर झोपली आणि बापानं तिचं ते बोट स्वतःच्या मुठीत धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी खुशालरावांनी अर्ध्या किलोचं नवं कोरं, छाप मारलेलं माप गाडीवर ठेवलं. पहिलंच गिऱ्हाईक माणिकबाई, समोरच्या गल्लीतल्या, टायफॉईडमध्ये भगोणंभर वरण आणून देणाऱ्या. त्यांनी अर्धा किलो वांगी मागितली. खुशालरावांनी काटा मधोमध आणून, हयातीतलं सगळ्यात खरं माप त्यांच्या पिशवीत ओतलं.

माणिकबाईंनी पिशवी हातात तोलली. पुन्हा तोलली. "काहो खुशालराव," त्या म्हणाल्या, "लोकायची गाडी सोडून बारा वर्षं तुमच्याकडे येऊन राहिलो आमी. आता म्हातारपनी मापात मारता काय?"

गाडीमागं सुभद्रा मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

खुशालरावांनी पिशवी परत घेतली आणि वांगी पुन्हा पारड्यात ओतली. नवं माप उचलून खाली पोत्याजवळ ठेवलं. मग फडक्यात गुंडाळलेलं जुनं माप काढलं, त्याच्या वाकड्या चकतीवरून अंगठा फिरवला आणि ते दुसऱ्या पारड्यात ठेवलं. पारडं खाली गेलं. त्यांनी एक वांगं टाकलं, मग आणखी एक लहानसं, आणि काटा मधोमध आला.

"हां, हे झालं अर्धा किलो," माणिकबाई म्हणाल्या आणि सवयीनं म्हणून पाहिलं, "अन् दोन मिरच्या टाकसान त्याच्यात."

"एक बी भेटनार नाही," खुशालराव म्हणाले. "माप म्हंजे माप."