फोडावा लागलेला तुकडा

नागपूरहून रामटेककडे जाताना लागणाऱ्या एका नदीवर आमचा पूल चालला होता. पात्रात खालून टेका न देता, खांबाच्या दोन्ही अंगांनी एकेक तुकडा ओतत पुढे सरकायचं, असं ते काम. एक तुकडा पक्का झाला, त्यातल्या केबल ताणल्या, की पुढचा. साइटवरची इंजिनीअर मी. फोरमन उमरेडचा, विणकराच्या घरातला, वयानं माझ्याहून बराच मोठा. मी त्याला भाऊ म्हणायची.

ऊन तापायच्या आधी उरकावं म्हणून त्या दिवशी उजाडताच सुरुवात केली. तळ भरला, बाजूच्या भिंती अर्ध्यावर आल्या आणि काँक्रीटचा पंप बंद पडला. पाइप उघडले, हातोड्यानं ठोकले, काही उपयोग नाही. शहरातून दुसरा पंप निघाला खरा, पण ड्रायव्हरचं फोनवर एकच, "जरीपटक्याच्या ट्राफिकमंदी अटकलो, मॅडम. गाडी हालूनच नाही राहिली."

"अजून तिथंच?"

"मंग काय उडून येऊ?"

आम्ही ओली पोती टाकली. मी काँक्रीटमध्ये सळई खुपसून पाहत होते. दर वेळी ती कमी रुतायची. पंप पोचला तेव्हा रुतेनाशीच झाली होती.

मॅनेजर फोनवर म्हणाले, "वरून ओतून टाका नं. आतलं कोणाले दिसते?"

"खालचं घट्ट झालंय, जोड कच्चा राहील, सर. मी सही करणार नाही."

ते खूप बोलले. मी ऐकून घेतलं. शेवटी डिझाइनवाल्यांनीही माझ्याच बाजूनं सांगितलं, फोडा.

मग फोडणं सुरू झालं. ब्रेकरच्या आवाजानं डोकं भणभणायचं, नाकातोंडात धूळ. केबलच्या नळ्या चेपल्या, त्याही बदलायच्या. एका दुपारी फोरमन माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुमचं बरोबर असन, मॅडम. पण पोरं मले शिव्या देऊन राहिले. आपल्याच हातानं बनवलं अन् आपल्याच हातानं फोडून राहिलो."

"मला काय हौस आहे का, भाऊ?" मी ओरडलेच.

तो हातातला चहा तसाच ठेवून निघून गेला. आमचं दोन दिवस कामापुरतंच बोलणं होतं.

घरी आईनं विचारलं, "कुठवर आला वं पूल?"

"मागं गेला," मी म्हटलं. ती हसली. मला रडू आलं.

दुसऱ्यांदा ओतताना भांडून दोन पंप उभे करून घेतले. पहिला शेवटपर्यंत नीट चालला. भिंती काठोकाठ भरल्या तेव्हा फोरमननं हेल्मेट काढून डोकं पुसलं. "झालं एकदाचं," एवढंच म्हणाला आणि डबा उघडून माझ्याकडे सरकवला. मी त्यातली अर्धी भाकर घेतली.

कामाला झालेला उशीर नंतरच्या मीटिंगमध्ये माझ्याच नावावर लागला. पंप कशानं तुंबला, हे कोणी विचारलं नाही. आणि पुढच्या तुकड्याला मी पुन्हा दोन पंप मागितले, तर मॅनेजर म्हणाले, "दुसरा काहून पायजे? मागच्या वेळी तर नुसता उभा होता."