उसना थाट

रात्रपाळी करून झिपरू सामरवरणीच्या चाळीत परतला, तेव्हा त्याचे डोळे उघडे होते एवढंच. बाकी अंग कधीच झोपलं होतं. धुळ्याकडचा हा माणूस कित्येक वर्षं धाग्याच्या कंपनीत बॉबिनी बदलत आला. हल्ली पाळी सुटली की सिल्वासाच्या कचेरीत चकरा. लेक मंजुषाचा नर्सिंगला नंबर लागला होता, पण गरिबाघरच्या पोरांना सरकार देतं ती शिष्यवृत्ती मिळाली तरच कॉलेज, नाहीतर तीही कंपनीत. घर बघायला माणूस येणार, एवढं त्याला कळलं होतं. सरुबाईला सांगायचं राहूनच गेलं. ती दिवसपाळीला, हा रात्रपाळीला. जागेपणी गाठ पडायची कुठे?

आज तिची सुट्टी. झिपरू दारात येतो तो काय, खोलीत शेजारच्या अलकाचा उभा पंखा, अलकाचा मिक्सर, आणि अलकाच्याच खुर्चीत एक पांढरा शर्टवाला पोहे खातोय.

“आमचे हे सुपरवायझर आहेत बरं का,” सरुबाई सांगत होती. “पगाराला मरण नाही. पोरीला काही कमी पडू देणार नाही आम्ही.”

पाहुणा लिहून घेत होता. झिपरू तसाच आत शिरला.

“सरू, अगं हे कचेरीतले साहेब! शिष्यवृत्तीसाठी घर बघायला आलेत.”

“अगं बाई! चाळीच्या तोंडाशी विचारत होते ना, मंजुषाचं घर कुठलं, बाप काय कमावतो? मला वाटलं, स्थळ आलं!”

साहेबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. सरुबाईने पदर खोचला. “साहेब, जरा उठा. खुर्ची अलकाची.” खुर्ची गेली, पंखा गेला, मिक्सर गेला. साहेब उकाड्यात गोणपाटावर बसले.

“आता खरं सांगा, बाई.”

“हे सुपरवायझर नाहीत. सुपरवायझरच्या शिव्या खातात. आणि पोहे तेवढे आमचेच होते.”

साहेब हसले. लिहिलेलं सगळं खोडून त्यांनी नव्याने लिहिलं. “सही करा,” म्हणून वळले तर झिपरू भिंतीला टेकून घोरत होता.

“उठवू?”

“राहू द्या. तुमची चालेल.”

संध्याकाळी झिपरूला जाग आली, तर पाळीची वेळ झालेली.

“काय म्हणाले?”

“मिळेल म्हणाले. पोरीला कॉलेजात पाठवायची तयारी करा म्हणाले.” सरुबाई जरा जवळ सरकली. “आणि अहो, त्यांचा एक पुतण्या आहे म्हणे...”

“सरू,” झिपरू चपला शोधत म्हणाला, “डबा दे.”